कोणती टेस्ट चालवायची? इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस आणि प्रेडिक्टिव्ह सिलेक्शन

सॉफ्टवेअरचा कोड बदलला की तो नीट चालतोय का हे तपासणाऱ्या सगळ्या टेस्ट दर वेळी चालवत बसणं परवडत नाही. मग लागतील तेवढ्याच टेस्ट निवडायच्या, आणि त्या निवडायच्या दोन पद्धती आहेत: टेस्ट इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस आणि प्रेडिक्टिव्ह टेस्ट सिलेक्शन. दोन्हींतून हाती पडते ती टेस्टची छोटी यादीच. म्हणून आमच्याकडे जळगाव-धुळ्यात ही दोन्ही नावं सर्रास एकाच अर्थाने घेतली जातात. पण यादी कशी तयार झाली हे माहीत नसेल, तर तिच्यावर किती विसंबायचं हेही ठरवता येत नाही.

इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिस एवढंच बघतं, की हा बदल कोणत्या टेस्टपर्यंत पोचू शकतो. प्रेडिक्टिव्ह सिलेक्शन विचारतं, पोचू शकणाऱ्या टेस्टपैकी फेल कोणत्या होतील. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घेण्याच्या जुन्या सिंचन पद्धतीत, बंधाऱ्यातून पाणी सोडलं की ते कोणकोणत्या शेतांत जाऊ शकतं, हे पाट आणि चाऱ्या बघून कोणीही सांगेल. बांध कुठे फुटेल ते मात्र वर्षानुवर्षं पाणी फिरवणाऱ्या पाटकऱ्यालाच आधी कळतं.

समजा, रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्यांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर आहे. किलोचे क्विंटल करून आकडा राउंड करणारं एक फंक्शन, म्हणजे कोडचा छोटा तुकडा, आपण बदललं. प्रत्येक टेस्ट चालताना कोडच्या कोणत्या भागातून गेली, याची नोंद इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिसकडे आधीपासून असते. ती नोंद बघून ते शेतकऱ्याच्या पट्टीची (विक्रीच्या हिशेबाची) टेस्ट, गाडीच्या वजनाची टेस्ट, हमालीची टेस्ट, जिथे जिथे हे फंक्शन वापरलंय त्या सगळ्या निवडतं. पायथॉनमध्ये पायटेस्ट-टेस्टमॉन नावाचं साधन हे काम करतं. जावासाठी २०१५ साली आलेलं एक्स्टाझी हीच नोंद फाईलच्या पातळीवर ठेवतं. नोंद पूर्ण आणि ताजी असेल, तर सुटलेली टेस्ट या बदलाने फेल होऊ शकत नाही, असं ठामपणे म्हणता येतं. ही खात्री फार मोलाची आहे.

अडचण अशी, की राउंडिंगसारखं फंक्शन जवळपास सगळीकडे वापरलेलं असतं. मग ‘छोटी’ यादी जवळजवळ सगळ्या टेस्टची होऊन बसते.

दुसरी अडचण अधिक घातक आहे. रोजचे भाव सीएसव्ही फाईलमधून (स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेल्या साध्या टेक्स्ट फाईलमधून) येतात आणि कोणीतरी त्या फाईलमधला कॉलमचा क्रम बदलला. कोडची एक ओळही हललेली नाही. साधन फक्त कोडची नोंद ठेवत असेल तर ते म्हणणार, एकही टेस्ट चालवायची गरज नाही. आणि बिलात भावाच्या जागी भलताच आकडा.

प्रेडिक्टिव्ह पद्धत इथे कामी येऊ शकते, कारण ती इतिहासावर चालते. ही भावाची फाईल बदलली की पट्टीची टेस्ट वारंवार फेल झाली आहे, हे मॉडेलने, म्हणजे जुन्या निकालांवरून अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामने, जुन्या नोंदींतून शिकलेलं असतं. फेसबुकच्या इंजिनिअरांनी २०१८ मध्ये अशी पद्धत मांडली. बदललेल्या फायलींचा अलीकडचा इतिहास, टेस्ट आधी किती वेळा फेल झाली, बदललेली फाईल आणि टेस्ट यांच्यातलं अंतर (मध्ये अवलंबित्वाचे किती दुवे आहेत ते), अशा खुणांवरून मॉडेल प्रत्येक टेस्टची फेल होण्याची शक्यता काढतं. बदलावर अवलंबून असलेल्या टेस्टपैकी साधारण एक तृतीयांशच चालवून ९९.९ टक्क्यांहून जास्त सदोष बदल पकडता येतात, असं त्यांनी दाखवलं. तिथेही आधी अवलंबित्वाची, म्हणजे बदल पोचू शकेल अशा टेस्टची, यादी काढली होती आणि मॉडेलने तिच्यातून निवड केली. म्हणजे दुसरी पद्धत पहिलीच्या खांद्यावर उभी होती. भावाच्या फाईलसारखी गोष्ट पकडायची, तर ती फाईलही त्या पहिल्या यादीच्या हिशेबात धरावी लागते.

पण ९९.९ टक्के झाले तरी ती शक्यताच. यादीत नसलेली टेस्ट फेल होणारच नाही, असं ही पद्धत कधीच म्हणत नाही. काल लिहिलेल्या टेस्टला इतिहासच नाही, तिच्याबद्दल मॉडेलला सांगण्यासारखं फारसं काही नसतं.

आणि फ्लेकी टेस्ट, म्हणजे कोड तोच असताना कधी पास, कधी फेल होणारी टेस्ट. इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिसच्या निवडीवर तिचा परिणाम जवळपास होत नाही, कारण निवड करताना ते निकाल बघतच नाही. प्रेडिक्टिव्ह मॉडेलचं मात्र ती शिक्षणच बिघडवते. गुगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं, की त्यांच्याकडे पासवरून फेलवर गेलेल्या निकालांपैकी सुमारे ८४ टक्क्यांमागे फ्लेकी टेस्ट होती. असे निकाल तसेच मॉडेलला दिले, तर ते कोडचा दोष शिकण्याऐवजी नेटवर्कसारख्या बाहेरच्या गोष्टींचा लहरीपणा शिकेल. म्हणून फेल झालेली टेस्ट त्याच कोडवर पुन्हा पुन्हा चालवून खरं अपयश आधी वेगळं काढावं लागतं.

खान्देशातल्या चार-पाच जणांच्या टीमने मॉडेलच्या मागे लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शिकायला पुरेल एवढा इतिहासच तिथे नसतो. दिवसा प्रत्येक बदलाला टेस्टमॉनसारखं साधन लावावं. भावाच्या, कराच्या, सेटिंगच्या फायली बदलल्या की कोणत्या टेस्ट चालल्याच पाहिजेत, ते हाताने लिहून ठेवावं. रात्री सगळ्या टेस्ट चालवाव्यात. त्या रात्रीच्या निकालांतच कोणता बदल, कोणती टेस्ट, पहिल्या फटक्यात काय झालं आणि पुन्हा चालवल्यावर काय झालं, हे साठवायला आजच सुरुवात करावी. पुढे टीम वाढली आणि मॉडेल करायची वेळ आली, तर त्याला शिकवायला हाच डेटा लागेल.