साथ देणारा कीबोर्ड आणि नाद घडवणारा सिंथेसायझर

मराठवाड्यात पट्ट्या असलेल्या आणि विजेवर चालणाऱ्या कोणत्याही वाद्याला सरसकट ‘कॅसिओ’ म्हणतात; मग ते लहान मुलाच्या वाढदिवसाला आलेले खेळणे असो, किंवा भीमजयंतीच्या गायनाच्या कार्यक्रमात ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या शेजारी स्टँडवर मांडलेले वाद्य असो. लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या दुकानात जाऊन ‘एक चांगला कॅसिओ दाखवा’ असे म्हटले, की समोर बहुधा दोन वाद्ये येतात. दोन्हींना ६१ पट्ट्या असतात, दोन्हींची लांबी जवळपास सारखी असते आणि दोन्हींवर शेकडो आवाजांची नावे छापलेली असतात. त्यांपैकी एक अरेंजर कीबोर्ड असतो आणि दुसरा सिंथेसायझर. दुसरे हे पहिल्याचेच ‘वरचे मॉडेल’ आहे असा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी कष्टाचे पैसे भलत्याच वाद्यात अडकलेली घरे मी पाहिली आहेत, म्हणून हा फरक जरा सविस्तर मांडतो.

अरेंजर हे साथ देणारे वाद्य आहे. एकट्या वादकाच्या मागे तालवाद्य, बास, गिटार आणि तंतुवाद्यांचा ताफा उभा करणे हे त्याचे मूळ काम. सिंथेसायझरचे मूळ काम नाद घडवणे हे आहे. स्वर कसा उमटावा, किती टिकावा, कसा विरावा आणि त्याचा पोत कसा असावा, हे वादकाने ठरवायचे. आवाज दोघांतही भरपूर असतात, त्यामुळे दुकानात पाच मिनिटे वाजवून हा फरक लक्षात येत नाही. तो घरी आल्यावर, आठवड्याभरात जाणवू लागतो.

आपल्याकडे कीबोर्ड घेणारा माणूस बहुतेक वेळा पेटीवरून आलेला असतो. पेटी वाजवताना उजवा हात स्वरांवर असतो आणि डावा हात भात्यावर. अरेंजरची सगळी रचना मात्र डाव्या हाताच्या भरवशावर उभी आहे. पट्ट्यांचे दोन भाग पाडलेले असतात. डाव्या भागात वादकाने स्वरगुच्छ, म्हणजे कॉर्ड, धरायची आणि त्या कॉर्डनुसार यंत्राने बास, गिटार वगैरे वाजवायचे, अशी ती व्यवस्था असते. या तयार साथीला ‘स्टाइल’ म्हणतात. तिला सुरुवातीचा तुकडा असतो, मुख्य चालीचे दोन ते चार प्रकार असतात, मधली भरण असते आणि शेवट असतो. कॉर्ड न धरता नुसता ताल सुरू ठेवता येतो; पण मग वाद्याच्या अर्ध्याअधिक किमतीचा उपयोग होत नाही, हे खरेदीआधी ध्यानात घ्यायला हवे.

कॉर्ड धरली तरी ती आपल्या संगीताला मानवेलच असे नाही. पांढरी एकला, म्हणजे पाश्चात्त्य ‘सी’ला, षड्ज मानून मालकंसातला अभंग वाजवायचा आहे असे समजा. पाश्चात्त्य पद्धतीची सवय असलेला माणूस डाव्या हाताने सी मायनर धरतो, कारण कोमल गंधार त्यात आहे. पण त्याच कॉर्डमध्ये पंचमही आहे, आणि मालकंसात पंचम वर्ज्य आहे. यंत्राला रागाचे नियम ठाऊक नसतात. बासमध्ये ते सा आणि पा आळीपाळीने वाजवत राहते आणि जाणत्या श्रोत्याच्या कपाळाला आठी पडते. त्याऐवजी मध्यम, कोमल धैवत आणि वरचा षड्ज मिळून होणारी एफ मायनर धरली, तर तिन्ही स्वर रागातले राहतात. तरीही स्टाइलमधली एखादी गिटार मध्येच वर्ज्य स्वराला स्पर्श करून जाऊ शकते, म्हणून तो भाग बंद ठेवावा लागतो. हे सगळे जमते, परंतु त्यासाठी अरेंजर समजून घ्यावा लागतो.

लयीचीही अशीच गोष्ट आहे. भारतीय बाजारासाठी कंपन्यांनी खास वाद्ये काढली आहेत. यामाहाच्या पीएसआर-आय५०० किंवा कॅसिओच्या सीटी-एक्स९०००आयएन यांसारख्या मॉडेलांत तबला, ढोलक, तानपुरा असे आवाज आणि आपल्या वळणाच्या स्टाइल दिलेल्या असतात. आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा त्यांत चांगला मिळतो, आणि घरी एकट्याने भावगीताचा रियाज करणाऱ्याला याचा आनंद फार मोठा असतो. पण सप्ताहातले भजन ज्याने ऐकले आहे त्याला माहीत आहे, की गजराची लय चढत जाते आणि पखवाज, टाळ आणि गाणारे सगळे मिळून ती चढवतात. अरेंजर ठरवून दिलेल्या वेगाला चिकटून राहतो. वेग बटणाने वाढवता येतो, पण यंत्र माणसांचे ऐकून वाढवत नाही. जिथे पखवाज आहे, तिथे स्टाइलची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता सिंथेसायझरकडे वळू. रॉबर्ट मूग यांनी १९६४ च्या सुमारास अमेरिकेत त्यांची पहिली यंत्रे बांधली, आणि १९७० मध्ये आलेल्या मिनीमूगने ते अवाढव्य यंत्र एका माणसाला उचलून नेता येईल इतके आटोपशीर केले. त्यातली मूळ कल्पना आजही बहुतेक सिंथेसायझरांत आहे. ऑसिलेटर कच्चा नाद तयार करतो. तो तीक्ष्ण, भरगच्च आणि कानाला थोडा कर्कश असतो. पुढे फिल्टर त्यातला नको तो भाग काढून टाकतो. फिल्टर म्हणजे काय हे समजून घ्यायचे असेल, तर शेजारच्या गल्लीतल्या मांडवातला लाउडस्पीकर घराची दारे-खिडक्या लावून ऐकावा. टाळांची किणकिण आणि शब्दांची धार नाहीशी होते आणि ढोलकीची नुसती घुमक भिंतीतून आत येते. भिंत जे करते तेच फिल्टर करतो, फक्त भिंत किती जाड असावी हे आपण बटण फिरवून ठरवू शकतो, आणि तेही स्वर वाजत असताना.

तिसरा भाग आहे एन्व्हलप. स्वराच्या आयुष्याचा आलेखच म्हणा. तुळजापूरच्या गोंधळातल्या संबळावर काडी पडते तेव्हा नाद क्षणात उसळतो आणि क्षणात विरतो. सनईचा स्वर फुंकेबरोबर हलके वर येतो, फुंक आहे तोवर टिकतो आणि फुंक थांबली की थांबतो. सतारीची तार छेडली की नाद लगेच उमटतो पण विरायला वेळ घेतो. हे तिन्ही स्वभाव सिंथेसायझरमध्ये चार मापांनी सांगता येतात: उठाव किती वेगाने, पहिला ओसर किती, टिकाव कोणत्या पातळीवर, आणि पट्टी सोडल्यावर विरणे किती लांब. ही चार मापे एकदा हाताला समजली, की एकाच कच्च्या नादातून संबळासारखा ठोकाही काढता येतो आणि सनईसारखी दीर्घ आसही. ज्याला यात तासन्‌तास रमता येते, त्याने सिंथेसायझरच घ्यावा. त्याच्यासाठी दुसरे वाद्य नाही.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, हा आपल्या कानाचा खास हव्यास, आणि पेटीवर ती येत नाही. सिंथेसायझरच्या डाव्या बाजूला असलेल्या पिच बेंडच्या चाकाने ती बऱ्यापैकी जवळ आणता येते. हे चाक बहुतेक वाद्यांत सुरुवातीला दोन अर्धस्वरांपुरते बसवलेले असते, पण ती मर्यादा वाढवता येते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी ‘ग्लाइड’ची सोयही असते. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर राग ध्वनिमुद्रित केले, तेव्हा टीबी-३०३ ची ही घसरण त्यांना मींडेसाठी उपयोगी पडली. चांगल्या अरेंजरलाही बेंडचे चाक असते, पण स्वस्त मॉडेलांत ते बहुधा नसते, म्हणून पेटीवाल्याने ते आधी पाहावे. श्रुतींच्या बाबतीत एक गोष्ट इथेच सांगून टाकतो: षड्जापासून शुद्ध गंधार नैसर्गिक स्वरमेळात सुमारे ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) असतो, कीबोर्डवर तो ४०० वर असतो. पेटीतही बहुधा हीच तडजोड असते. काही वाद्यांत प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे उतरवण्या-चढवण्याची सोय असते, आणि तानपुऱ्याबरोबर गाणाऱ्याला तिचे मोल कळते.

‘कॅसिओ’ या नावावर थोडे थांबावेसे वाटते. या जपानी कंपनीने १९८० मध्ये कॅसिओटोन २०१ हे आपले पहिले कीबोर्ड वाद्य काढले. पुढे १९८४ मध्ये तिनेच सीझेड-१०१ हा छोट्या पट्ट्यांचा, पण अस्सल सिंथेसायझरही आणला. म्हणजे ज्या नावाचा आपल्याकडे ‘साधा कीबोर्ड’ असा अर्थ झाला, त्या नावाखाली दोन्ही जातींची वाद्ये निघाली. नावावरून जात ओळखता येत नाही, ती आतल्या कामावरूनच ओळखावी लागते. शिवाय सिंथेसायझर घेतला म्हणजे रोज नवा नाद घडवलाच पाहिजे असेही नाही. यामाहाचा १९८३ चा डीएक्स७ इतका अवघड होता, की जगभर बहुतेकांनी त्यातले तयार आवाजच वाजवले.

दोन्हींच्या मधली वाद्येही आहेत. कॉर्गच्या १९८८ च्या एम१ पासून ‘वर्कस्टेशन’ नावाची जात रूढ झाली. तिच्यात सिंथेसायझर, तालवाद्ये आणि अनेक पदरांचे ध्वनिलेखन एकत्र असते, पण कॉर्ड धरून मिळणारी साथ बहुधा नसते. उलट महागड्या अरेंजरमध्ये नाद बदलण्याची बरीच सोय असते. आपल्या वाद्यवृंदांत लोकप्रिय असलेला रोलंडचा एक्सपीएस-१० हा सिंथेसायझर आहे. गाण्याची चाल ओळखून तो साथ देईल अशी अपेक्षा ठेवून तो घेऊ नये.

एक साधी, पण सर्वांत जास्त नडणारी गोष्ट स्पीकरची आहे. अरेंजरला स्वतःचे स्पीकर असतात. सिंथेसायझरला बहुधा नसतात. मी माझा पहिला सिंथेसायझर अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावी सप्ताहाला नेला, तेव्हा मंडपातल्या ध्वनिक्षेपकाकडे माइकच्याच तारा होत्या आणि माझ्या वाद्याला लागणारी जाड पिनेची तार माझ्याकडेही नव्हती. दोन तास वाद्य मुके राहिले आणि मी गावातलीच पेटी वाजवली. त्या दिवसापासून दोन तारा आणि जोडपिना पिशवीत असल्याशिवाय मी घर सोडत नाही. विजेचेही तसेच. अनेक छोटे अरेंजर सहा सेलवर चालतात, त्यामुळे भारनियमनात भजन अडत नाही. सिंथेसायझरांपैकी फार थोडे सेलवर चालतात. रोलंडचा जुनो-डीएस६१ आठ सेलवर चालतो. अॅडॉप्टर हरवला तर मिळेल तो लावू नये. व्होल्ट जुळले तरी पिनेतले धन-ऋण उलट असू शकते, आणि ते वाद्याच्या पाठीवर छोट्या आकृतीत छापलेले असते.

घरच्या स्टुडिओचा विचार केला की पारडे पुन्हा हलते. १९८३ मध्ये आलेल्या मिडी या वाद्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या पद्धतीमुळे दोन्ही वाद्ये संगणकाला जोडता येतात, आणि पट्टी किती जोराने दाबली हे १ ते १२७ या आकड्यांत संगणकापर्यंत पोहोचते. केवळ संगणकातले आवाज वाजवायचे असतील, तर दोन्ही सारखीच उपयोगी पडतात. पण वाद्याचा स्वतःचा आवाज मुद्रित करताना अरेंजरचा ताल, बास आणि गिटार बहुधा एकत्र मिसळूनच बाहेर पडतात. नंतर तबला थोडा कमी करावासा वाटला तरी तो वेगळा काढता येत नाही. सिंथेसायझरवर एकेक पदर वेगळा मुद्रित करण्याची सवय आपोआप लागते, आणि मिश्रण करताना ती फार कामी येते. संगणकाला जोडल्यावर एकच स्वर दोनदा ऐकू येऊ लागला, तर वाद्य बिघडलेले नसते; ‘लोकल कंट्रोल’, म्हणजे पट्टीने वाद्याचा स्वतःचा आवाज वाजवणारी जोडणी, बंद करावे. पट्टी दाबल्यावर स्वर उशिरा येत असेल, तर बफर, म्हणजे संगणक एका वेळी साठवून घेतो तेवढे आवाजाचे नमुने, कमी करावा: सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या मुद्रणात १,०२४ चा बफर सुमारे २३ मिलिसेकंद उशीर करतो, २५६ चा सुमारे ६.

गेल्या उन्हाळ्यात बीडहून एक पालक मला भेटले. मुलगी नववीत होती, पेटी उत्तम वाजवत होती, घरात तबला वाजवणारे काका होते. त्यांच्या मनात महागडा अरेंजर होता. मी त्यांना म्हटले, ‘दादा, काका असताना तुम्ही तबल्याचे पैसे कशाला देता?’ त्यांनी साधा सिंथेसायझर आणि एक छोटा स्पीकर घेतला. याउलट परभणीच्या एका निवृत्त शिक्षिका आहेत. त्या घरी एकट्याच गातात, संध्याकाळी जुनी भावगीते म्हणतात. त्यांना मी बिनदिक्कत अरेंजर सांगितला, आणि डाव्या हाताच्या चार कॉर्ड शिकवल्या.

जुने वाद्य घेणार असाल तर प्रत्येक पट्टी आधी हळू आणि मग जोरात दाबून पाहा. पट्टीखाली दोन रबरी संपर्क असतात, आणि एक लागल्यानंतर दुसरा किती वेळाने लागतो यावरून वाद्य दाब मोजते. आपल्याकडच्या धुळीने त्यातला एक खराब झाला, की तो स्वर एकदम ओरडतो किंवा गप्प राहतो. दुरुस्ती फार अवघड नसते, पण किमतीत ती धरावी. नवे घेताना दुकानात स्वतःचा हेडफोन न्या, अरेंजरचा ताल पूर्ण बंद करा, एकच आवाज निवडा आणि तुमच्या गाण्याच्या पट्टीत, काळी चार असेल तर काळी चारमध्ये, रोजचा अभंग दहा मिनिटे वाजवा. मग सिंथेसायझरवर तोच अभंग, फिल्टरचे बटण डाव्या हातात धरून.