वयात येताना मेंदूतले घड्याळ मागे पडते

मुलगा रात्री बारापर्यंत जागा, सकाळी दहा हाका मारल्या तरी उठत नाही. घरातला निकाल ठरलेला असतो: आळस आणि मोबाइल. मोबाइलचा वाटा आहेच, पण मूळ कारण वयात येणाऱ्या मेंदूत आहे.

या जागरणाचा संबंध मनाच्या आरोग्याशीही आहे. मानसिक आजारांपैकी जवळपास निम्मे वयाच्या 18 व्या वर्षाआधीच सुरू होतात. घरातला आजाराचा इतिहास, बालपणीची मारहाण किंवा हेळसांड, शाळेतली दादागिरी, गांजा आणि दारू हे जोखीम घटक बहुतेकांना ठाऊक आहेत. ते एकावर एक साचले की धोका वाढतो. जोखीम घटक असला म्हणजे आजार होतोच असे मात्र नाही. अपुरी झोप हाही असाच एक घटक, आणि याच आठवड्यात बदलता येईल असा.

झोप दोन गोष्टींवर ठरते. जागेपणी मेंदूत अडेनोसिन हे रसायन साठत जाते आणि झोपेचा दाब चढतो. दुसरी गोष्ट जैविक घड्याळ. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातला चेतापेशींचा इवलासा पुंजका रात्री मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचे सांगणारे संप्रेरक, कधी स्रवायचे ते ठरवतो. वयात येताना दोन्ही बदलतात: दाब सावकाश चढतो आणि मेलाटोनिन एक ते दोन तास उशिरा स्रवते. दहाला अंथरुणात घातले तरी झोप येत नाही, ती यामुळे. शाळेची घंटा मात्र जागची हलत नाही. या वयात 8 ते 10 तास झोप हवी. बाराला झोपून सहाला उठणाऱ्याला 6 तासच मिळतात. कापले जातात ते पहाटेचे तास, ज्यात स्वप्नांची, म्हणजे रेम झोप सर्वाधिक असते. 2007 सालच्या एका प्रयोगात रात्रभर जागवलेल्या तरुणांना अप्रिय चित्रे दाखवली, तेव्हा मेंदूतल्या भीती-रागाशी निगडित अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया सुमारे 60 टक्के अधिक तीव्र होती. तिला आवर घालणाऱ्या पुढच्या मेंदूशी तिचे संधानही सैल पडले होते.

शाळा उशिरा भरवली तर मुले आणखी जागतील, ही शंका अमेरिकेतल्या सिएटल शहरात खोटी ठरली. तिथे 2016 साली शाळेची वेळ 7:50 वरून 8:45 झाली आणि मुलांची झोप रोज सरासरी 34 मिनिटांनी वाढली.

घड्याळ प्रकाशावर लागते. डोळ्याच्या दृष्टिपटलातल्या मेलानोप्सिन हे प्रकाश टिपणारे द्रव्य असलेल्या पेशींना निळसर उजेड सर्वात जास्त जाणवतो. संध्याकाळचा प्रखर उजेड घड्याळ मागे पाडतो, सकाळचा पुढे आणतो. म्हणून आधी उठण्याची वेळ पक्की करा. सुटीच्या दिवशी तासाभराहून जास्त फरक नको. उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात घालवायचा. झोपण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी 15 मिनिटे अलीकडे आणायची. एकदम दोन तास ओढली की मूल अंथरुणात तळमळते आणि अंथरूण म्हणजे जागरण अशी सवय जडते. दुपारची डुलकी 20 मिनिटांपुरती. लांबली की साठलेला दाब उतरतो. चहा-कॉफी दुपारनंतर बंद, कारण प्यायलेल्या कॅफिनपैकी निम्मे सुमारे 5 तासांनीही रक्तात असते. मोबाइल, करमणूक काही काळ बंद ठेवून मेंदूतले डोपामिन ‘साफ’ करण्याच्या, म्हणजे ‘डोपामिन डिटॉक्स’च्या नादी लागू नका. डोपामिन हे विष नव्हे, ते मेंदू स्वतःच बनवतो.

नैराश्यही झोप उडवते, त्यामुळे नेहमीच दोष घड्याळाचा नसतो. दोन आठवडे सतत उदासी असेल किंवा आवडत्या गोष्टींतून मन उडाले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. मरणाची भाषा एकदाही कानावर आली, तर त्याच दिवशी.