‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून देऊ नका

वय झालं की असं विसरायला होतंच, हा समज घातक आहे. चष्मा कुठे ठेवला हे न आठवणं वेगळं. नेहमीची आमटी करताना पुढे काय घालायचं तेच न सुचणं, रक्तदाबाची गोळी दोनदा घेणं, ओळखीच्या गल्लीत वाट चुकणं वेगळं. फोनवर आई ‘मी बरी आहे’ एवढंच सांगणार. दोन दिवस राहायला जा, फ्रिज आणि औषधांचा डबा बघा. तिची परीक्षा मात्र घेऊ नका. बी-१२ची कमतरता (शाकाहारी घरांत बरीच आढळते), थायरॉइड, नैराश्य यांमुळेही विस्मरण होतं आणि ते उपचारांनी सुधारू शकतं. म्हणून डॉक्टरांकडे लवकर न्या. ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइनही आहे: १४५६७.