पितळी दांडा, जस्ताची टोपी

आबांचं दाढीचं मशीन न्हाणीतल्या कोनाड्यात असायचं. बोटं जिथं टेकतात तिथला पांढरा मुलामा कधीच उडाला होता आणि आतलं पितळ पिवळं दिसायचं. आबा गेले, मशीन कोनाड्यातच राहिलं. त्याच्या शेजारी मी माझं नवं ठेवलं, तालुक्याहून आणलेलं, आरशासारखं चकचकीत. तिसऱ्या वर्षी त्याच्या टोपीच्या कडेला बारीक फोड आले. फोड फुटले की खाली राखाडी भुकटी. मग एका सकाळी ब्लेड बदलून दांडा आवळताना ‘टक्’ झालं. टोपीखालचा आट्यांचा खुंट तुटून दांड्यातच अडकला.

दोन्ही मशीनं भंगारवाल्याला दाखवली. त्यानं कानस काढली आणि प्रत्येकावर आतल्या बाजूनं एकेक ओढ दिली. आबांच्या मशीनवर पिवळी रेघ उठली, माझ्या टोपीवर निळसर राखाडी. “हे पितय हाय भाऊ, हे मोडीत घालू नका,” तो म्हणाला. “अन् हे?” “हे त जस्त हाय. याले कोन इचारते!”

आमचं गाव तेल्हारा तालुक्यातलं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेला हा पट्टा. इथं विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की खारट लागतं. रेझरच्या मूळ धातूनं टिकाऊपणात फरक पडतो का, या प्रश्नाचं उत्तर पुण्या-मुंबईच्या नळाखाली एक आणि आमच्या न्हाणीत दुसरं मिळू शकतं. हे दोन धातू रेझरमध्ये आले कसे, हे पाहिलं म्हणजे दोन्ही उत्तरं नीट लागतात.

गावात दाढी हे वारकाचं काम होतं. बलुत्यातला माणूस, काखेत धोकटी, धोकटीत वस्तरा, चामोटं आणि वाटी. वस्तऱ्याचं सगळं मोल पात्यात. सेफ्टी रेझरनं हे उलटं केलं: पातं फेकायचं, मशीन ठेवायचं. त्यामुळे मशीन कशाचं, हा प्रश्नच मुळात नवा आहे. पात्याला आडोसा देण्याची कल्पना जुनी. झां-जाक पेरे या फ्रेंच कारागिरानं अठराव्या शतकातच तसा वस्तरा केला होता. १८८० मध्ये अमेरिकेतल्या काम्पफे बंधूंनी पेटंट घेतलं, पण त्यांचं पातं धार लावून परत वापरायचं होतं. किंग कॅम्प जिलेटनं पातळ, फेकाऊ पातं आणलं. पातळ पत्र्याला धार धरेल इतका कडकपणा देण्याची यंत्रं विल्यम निकरसन या इंजिनिअरनं बसवली. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. १९०४ मध्ये रेझरांचा आकडा ९०,८८४ वर गेला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर मागवले, तेव्हा ही वस्तू घराघरात गेली.

ते रेझर पितळेचे होते, वर चांदीचा, निकेलचा किंवा सोन्याचा मुलामा. पितळ निवडण्यामागं श्रीमंतीचा डौल नव्हता. पितळ लेथवर लोण्यासारखं कापतं, त्यावर बारीक आटे स्वच्छ पडतात, मुलामा घट्ट बसतो आणि पाण्यात ते लोखंडासारखं गंजत नाही. विदर्भात हे कुणाला शिकवायला नको, भंडाऱ्याची पितळी भांडी ज्या घरात नव्हती असं घर जुन्या काळी शोधावं लागलं असतं. शिवाय कल्हई आपल्याला ठाऊक आहे. कल्हई उडाली की ताक कळकतं, म्हणून आपण भांडं फेकत नाही. कल्हईवाला आला की परत लावून घेतो. आबांच्या मशीनचं तसंच होतं. मुलामा गेला, मशीन राहिलं.

आता जस्त. गंमत अशी की पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच, पण माणसानं पितळ हजारो वर्षं केलं आणि सुटं जस्त फार उशिरा हाती आलं. जस्त ९०७ अंशांना उकळतं. खनिजातून ते सुटं करायला भट्टी त्याहून तापवावी लागते, आणि तितक्यात ते वाफ होऊन धुराड्यातून निघून जातं. ती वाफ धरून थंड करायची युक्ती मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा साधली ती उदयपूरजवळच्या झावरला. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी, तोंड खाली, वाफ खालच्या थंड भांड्यात. त्या मुशींचे ढीग आजही तिथं पडलेले आहेत. युरोपात विल्यम चॅम्पियननं अशा पद्धतीचं पेटंट घेतलं १७३८ मध्ये.

सुटं जस्त मिळालं तरी त्याच्या ओतीव वस्तू बराच काळ बेभरवशाच्या होत्या. जस्तात शिशाचा किंवा कथिलाचा अंश राहिला की दमट हवेत वस्तू आतून फुगायची, तडकायची, शेवटी हातात चुरा व्हायची. त्या काळातली कितीतरी खेळणी अशी संपली. १९२९ च्या सुमारास अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीनं ९९.९९ टक्के शुद्ध जस्तापासून नवी मिश्रधातू काढली: सुमारे ४ टक्के अॅल्युमिनियम, किंचित मॅग्नेशियम, काही प्रकारांत थोडं तांबं. त्या धातूंच्या जर्मन नावांची आद्याक्षरं जोडून नाव झालं झामाक. इंग्लंडात तीच धातू ‘मझाक’ म्हणून विकली गेली, आणि दुकानदार पितळ म्हणून ती गळ्यात मारतो तेव्हा ते नाव शोभतं.

कारखानदाराला झामाक का आवडली ते उघड आहे. पितळ वितळायला नऊशे अंशांच्या आसपास जावं लागतं, ही ३८०-३९० अंशांत पाण्यासारखी होते. पोलादी साच्यात दाबानं ओतली की टोपीची गोलाई, कडा, खुंट सगळं एका दणक्यात तयार. साचा लाखो नग देतो. लेथवर माणूस नको, कातणात माल वाया नाही. पुढं दुसऱ्या महायुद्धात पितळ काडतुसांकडे वळलं, तेव्हा रेझरवाल्यांना प्लास्टिकसह दुसरे पर्याय धुंडाळावेच लागले. आज मध्यम किमतीच्या बहुतेक रेझरांची डोकी झामाकची असतात, दांडा मात्र पुष्कळदा पितळेचा. हातात वजन दांड्याचं लागतं, म्हणून गिऱ्हाईकाला सगळंच पितळ वाटतं. माझंही तसंच झालं होतं.

झामाक कच्ची आहे असं मात्र नाही. सरळ ताण सहन करण्यात ती साध्या ओतीव पितळेच्या फार मागं नाही, आणि वरचा तांबं-निकेल-क्रोमचा थर अखंड असेल तर असं मशीन वीस वर्षंही चालावं. धातूचा खरा स्वभाव थराला भोक पडल्यावर दिसतो. जस्ती बादली आठवा. तिच्यावर ओरखडा पडला तरी लोखंड लगेच गंजत नाही, कारण जस्त स्वतः झिजून लोखंडाला राखतं. रेझरमध्ये हाच गुण अंगाशी येतो. इथं जस्त आत आणि निकेल-क्रोम वर. टाचणीच्या टोकाएवढं छिद्र पडलं तरी पाण्याच्या संगतीत जस्त वरच्या धातूंसाठी स्वतःला खाऊ घालतं, तेही तेवढ्याच जागी, खोलवर. झिजलेल्या जस्ताची भुकटी फुगते आणि थराला आतून फोड आणते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि गिलाव्याला चीर गेली, म्हणजे भिंतीचं जे होतं ते.

पाणी खारं असेल तर हे सगळं धावत होतं. मिठातलं क्लोराइड जस्तावर जमणारा संरक्षक थर टिकू देत नाही, आणि खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून झिजेला वेग येतो. आमच्याकडं रेझर धुवून तसाच ठेवला की सुकल्यावर त्यावर पांढरे मिठाचे ठिपके उमटतात. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा ओले होतात. पितळही इथं पूर्ण सुखी नाही: खाऱ्या पाण्यात त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि जागोजागी गुलाबी तांबं उघडं पडतं. आबांच्या दांड्यावर असा एक डाग आहे. पण तो डाग पडायला त्यांचं अर्धं आयुष्य गेलं.

पितळेचा आणखी एक वैरी आपल्याच देशात लक्षात आला होता. इंग्रजांच्या फौजेतली पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवली की आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि घडवताना पितळेत कोंडलेला ताण, हे त्याचं कारण पुढं कळलं. काडतुसं बेतानं तापवून तो ताण काढला की तडकणं थांबतं. रेझरचं जाड पितळ इतकं हळवं नसतं, तरी तो गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवू नये.

खुंट तुटण्याचा हिशेब वेगळा आहे. तो जेमतेम ५ मिलिमीटर जाड असतो आणि झामाकच्या रेझरात बहुधा टोपीबरोबरच ओतलेला. पितळ ताणाला आधी थोडं वाकतं. झामाक पडल्या-आपटल्यावर सरळ मोडते. त्यात ती सततच्या दाबाखाली साध्या तापमानालाही हळूहळू सरकत राहते. म्हणजे रेझर कचकचून आवळून महिनोन्‌महिने तसाच ठेवला की आटे आतल्या आत थकतात. न्हाणीतल्या शहाबादी फरशीवर माझा रेझर दोनदा पडला होता, आणि मी आवळायचो पान्यानं आवळावं तसा.

स्टेनलेस स्टीलचे रेझर या भांडणात उशिरा उतरले. त्यांना मुलामाच नाही, त्यामुळे उडायचं काही नाही. पण स्टेनलेसचेही प्रकार आहेत. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ नंबरचं बरं, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि ते क्लोराइडला दाद देत नाही. किंमत मात्र झामाकच्या कितीतरी पट. गोड्या पाण्याच्या गावात, वापरून झटकून पुसून ठेवणाऱ्या माणसानं ती मोजावी असं मला वाटत नाही. खारपाणपट्ट्यात पितळ किंवा स्टेनलेस घ्यावं. ‘फुल ब्रास’ असं डब्यावर छापलेलं असलं तरी टोपीच्या आतल्या बाजूला कानशीची एक ओढ देऊ द्या, असं दुकानदाराला म्हणून पाहावं. तो देऊ देणार नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळतं.

तुटलेला खुंट लेथवाल्यानं ड्रिलनं काढला. मऊ जस्त, दोन मिनिटांत निघालं, दांड्याचे पितळी आटे शाबूत. घरी येऊन सहज आबांची टोपी त्यात फिरवून पाहिली. आबांचे आटे जुन्या इंची मापाचे, एका इंचात ३२. माझ्या दांड्याचे मिलिमीटरचे, ०.८ चे. हिशेब केला तर दोन आट्यांमधल्या अंतरात केसाएवढाही फरक नाही. आबांचा खुंट किंचित बारीक, म्हणून सुरुवातीला थोडा डुलतो. पण ब्लेड घालून आवळलं की हलत नाही.