बाकेल

बाकेल : पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल देशाच्या पूर्व टोकाला, सेनेगल नदीच्या डाव्या काठावर वसलेले छोटे गाव. समोरच्या काठावर मॉरिटेनिया. थोडे वरच्या अंगाला फालेमे नदी सेनेगलला मिळते, तिथून मालीची हद्द लागते. वस्ती प्रामुख्याने सोनिंके लोकांची. पूर्वी हा मुलूख त्यांच्या गाजागा राज्यात मोडत असे. फ्रेंच त्याला ‘गालाम’ म्हणत.

गावाचा सगळा इतिहास नदीच्या पाण्याने ठरवला आहे. गिनीच्या फुटा जालोन डोंगरात पाऊस झाला की ऑगस्ट-सप्टेंबरात इथे पूर चढतो आणि तेवढ्याच काळात समुद्रकाठच्या सें-लुईहून मोठी गलबते इथवर पोहोचू शकत. फ्रेंचांनी १८१८ च्या सुमारास टेकडीवर किल्ला उभारायला घेतला तो नदीवरच्या डिंकाच्या व्यापारासाठी. मॉरिटेनियाकडचे मूर व्यापारी बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक आणत. त्याच्या बदल्यात मिळे निळीत गडद रंगवलेले सुती कापड, ‘गिने’. नदीकाठी ते नाण्यासारखे चाले, आणि त्यातले बरेचसे थेट पाँडिचेरीहून येई. तिथल्या विणकर-रंगाऱ्यांचा या नदीच्या इतिहासातला वाटा क्वचितच सांगितला जातो; तो सांगायलाच हवा. १८८६ मध्ये सोनिंके धर्मगुरू महमदू लामीन द्रामे यांनी बाकेलला वेढा घातला, पण किल्ल्याच्या तोफांपुढे त्यांना माघार घ्यावी लागली.

शेती दोन प्रकारची. उंचवट्यावरची ‘जेरी’ पावसावर पिकते. पूर ओसरल्यावर उघडी पडणारी काळी जमीन म्हणजे ‘वालो’. तिच्या ओलीवर ज्वारी घेतात. आपल्याकडची गाळपेर ती हीच. नदीला हद्द मानण्याआधीपासून अनेक कुटुंबांच्या जमिनी दोन्ही काठांवर होत्या आणि गुरेही दोन्हीकडे चरत. याच जमिनींवरून एप्रिल १९८९ मध्ये जवळच्या जावारा गावापाशी शेतकरी आणि गुराखी यांच्यात वाद पेटला, मॉरिटेनियाच्या सीमारक्षकांच्या गोळीबारात दोन सेनेगली ठार झाले. पाठोपाठ दोन्ही देशांत दंगली उसळल्या, शेकडो माणसे मेली, हजारोंना देशोधडीला लावले गेले. राजनैतिक संबंध १९९२ मध्ये पूर्ववत झाले. उठवलेल्या कुटुंबांच्या जमिनींचे प्रश्न मात्र पुढेही रेंगाळले.

इथली तरुण मुले फार पूर्वीपासून बाहेर पडत आली आहेत : आधी फ्रेंच गलबतांवर खलाशी म्हणून, १९६० नंतर पॅरिस भागातल्या कारखान्यांत. एकाच गावची माणसे तिथल्या कामगार वसतिगृहांत एकत्र राहत, दरमहा वर्गणी काढत. त्या पैशांतून नदीकाठच्या गावांत मशिदी, शाळा, दवाखाने उभे राहिले. सरकारी मदतीपेक्षा या वर्गणीने परिसर अधिक बदलला, असे म्हणायला हरकत नाही.

बाकेलच्या मोजपट्टीवरील पाण्याची पातळी हा संपूर्ण नदीखोऱ्यातील पुराच्या अंदाजाचा आधार आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तिच्या नोंदी आहेत. मालीतील मानंताली धरण १९८८ मध्ये पूर्ण झाले, पण ते फक्त बाफिंग या शाखेचे पाणी अडवते, त्यामुळे पूर पूर्णपणे आवरत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नदीने धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा बाकेल व नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या माताम शहराच्या परिसरात घरे आणि हजारो हेक्टर शेते पाण्याखाली गेली.