स्टेशनवरचा ओटीपी नेमका कोणासाठी?

नागपूर स्टेशनवर फुकटच्या वाय-फायला जोडायचं तर आधी मोबाइल नंबर द्या, मग ओटीपी. एवढी चौकशी झाली म्हणजे नेटवर्क सुरक्षित असणार, असं पुष्कळांना वाटतं. पण हा ओटीपी आला तो वेगळ्याच भीतीपोटी.

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना आलेला धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घरच्या उघड्या वाय-फायवरून गेला होता, आणि घरात राहणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरमधल्या एका कंपनीचं वाय-फाय असंच वापरलं गेलं. तपास राउटरपाशी येऊन अडायचा. म्हणून फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवणं बंधनकारक केलं. तुम्ही कोण, हे त्या ओटीपीमुळे तपास यंत्रणेला कळतं. नेटवर्क कोणाचं, हे तुम्हाला कळत नाही.

तुमच्या माहितीच्या संरक्षणाची कहाणी निराळी. वाय-फायच्या १९९७ च्या पहिल्या मानकातलं 'वेप' हे कुलूप २००१ मध्येच कच्चं ठरलं. २००४ मध्ये त्याहून पक्कं कुलूप, डब्ल्यूपीए-२, आलं. पण धरमपेठेतल्या कॅफेत पासवर्ड भिंतीवरच लिहिलेला असेल, तर त्या कुलपाचा उपयोग किती? खरा हादरा ऑक्टोबर २०१० चा. फायरफॉक्स ब्राउझरला जोडायच्या 'फायरशीप' नावाच्या छोट्या प्रोग्राममुळे उघड्या वाय-फायवर शेजारच्याच्या फेसबुक खात्यात एका क्लिकवर शिरता येऊ लागलं. त्यानंतर मोठ्या साइट्स हळूहळू पूर्णपणे एचटीटीपीएसवर, म्हणजे फोन आणि साइटमधला मजकूर वाटेत कोणाला वाचता येऊ नये अशा पद्धतीवर, गेल्या. त्यामुळे 'शेजारी बसलेला तुमचा बँकेचा पासवर्ड वाचतो' ही आजही दाखवली जाणारी भीती मला बरीचशी शिळी वाटते.

शिल्लक राहिलाय तो नावाचा घोळ. उघडं नेटवर्क फोन फक्त नावावरून ओळखतो. नागपुरातल्या बर्डीच्या गर्दीत खिशातल्या राउटरला कोणीही स्टेशनच्या वाय-फायचं नाव देऊ शकतो. एकदा जोडलेला फोन मग न विचारताच त्याला जाऊन चिकटतो. २०१८ मधली नवी सुधारणा उघड्या नेटवर्कवरचा मजकूर झाकते, पण त्याचा मालक कोण हे तीही तपासत नाही.

त्यात मार्च २०२१ पासून रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीने स्टेशनवरच्या वाय-फायचे सशुल्क प्लॅन आणले: रोज ३० मिनिटं फुकट, पुढे १० रुपयांपासून. साहजिकच लॉगिनच्या पानावर कार्डाचा नंबर मागितला, तरी कोणाला वावगं वाटत नाही. नकली पान लावणाऱ्याला एवढं पुरतं.