मुलींची ग्रामर शाळा (इंग्लंड)

सरकारी खर्चाने चालणारी, फी न घेणारी, परंतु साधारण अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन विद्यार्थिनी निवडणारी इंग्लंडमधील माध्यमिक शाळा. ‘ग्रामर’ हा शब्द जुन्या लॅटिन व्याकरणशाळांपासून चालत आला आहे. इंग्लंडमध्ये मुलांच्या, मुलींच्या आणि मिश्र मिळून १६३ ग्रामर शाळा आहेत. स्कॉटलंड व वेल्समध्ये एकही नाही. मुलींच्या अनेक शाळा ‘हाय स्कूल फॉर गर्ल्स’ किंवा ‘काउंटी हाय’ या नावांनी ओळखल्या जातात, त्यामुळे नुसत्या नावावरून शाळेचा प्रकार कळत नाही. इंग्लंडमधील ‘पब्लिक स्कूल’ मात्र भरमसाट फी घेणारी खासगी शाळा असते. या दोन्हींची गल्लत मराठी लेखनात वारंवार होते.

प्रवेश ज्या परीक्षेने मिळतो तिला ‘इलेव्हन-प्लस’ म्हणतात. इंग्रजी, गणित, शाब्दिक तर्क आणि आकृत्यांवरील तर्क असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. नेमके विषय भागाभागानुसार बदलतात. शाब्दिक तर्काचा एक ठरलेला प्रश्न असा : वाक्यात शेजारी आलेल्या दोन शब्दांच्या सांध्यावर दडलेला तिसरा शब्द शोधायचा. मराठीत सांगायचे तर ‘रंगाचा कपडा’मधून ‘चाक’ उचलायचे. एकेका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही. गुण वयानुसार जुळवून घेतले जातात, कारण एकाच वर्गातल्या सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या आणि पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलींत जवळजवळ वर्षाचे अंतर असते, आणि दहाव्या वर्षी हे अंतर फार मोठे ठरते. केंट परगण्यात ३२ ग्रामर शाळा आहेत. तिथे परीक्षा सप्टेंबरमध्ये होते आणि निकाल ऑक्टोबरमध्ये लागतो. ३१ ऑक्टोबरपर्यंत शाळांचा पसंतीक्रम भरायचा आणि १ मार्चला कोणती शाळा मिळाली ते समजते. उत्तीर्ण होणे म्हणजे जागा मिळणे नव्हे. लंडनच्या हेन्रिएटा बार्नेट शाळेत शंभरेक जागांसाठी दोन हजारांहून जास्त मुली परीक्षेला बसतात.

या शाळांचा इतिहास वाचताना सगळे धागे ‘जागा’ या एका शब्दाशी येऊन मिळतात. मुलींसाठी जागा किती, हा प्रश्न इथे शंभर वर्षांहून अधिक काळ लढवला गेला. बर्मिंगहॅमचे किंग एडवर्ड प्रतिष्ठान १५५२ साली स्थापन झाले, पण त्याच्या मुलींच्या माध्यमिक शाळा उघडल्या १८८३ मध्ये. मधली तीनशेहून अधिक वर्षे त्या देणगीचे पैसे प्रामुख्याने मुलांच्या शिक्षणावर खर्च होत होते. १८६०च्या दशकात माध्यमिक शिक्षणाच्या चौकशीसाठी टॉन्टन आयोग नेमला गेला. मुलींच्या शिक्षणाचाही विचार व्हावा यासाठी स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या एमिली डेव्हिस यांनी पाठपुरावा केला. त्यांनी आणि मुख्याध्यापिका फ्रान्सिस मेरी बस यांनी आयोगापुढे साक्ष दिली. पुढे १८६९च्या कायद्याने जुन्या शैक्षणिक देणग्यांचा लाभ शक्य तिथे मुलींनाही देण्याची वाट मोकळी झाली. १९०२च्या शिक्षण कायद्यानंतर परगणा परिषदांना स्वतःच्या माध्यमिक शाळा काढता आल्या. चेम्सफर्ड (१९०७), लँकेस्टर (१९०७), कोल्चेस्टर (१९०९) येथील मुलींच्या शाळा त्याच लाटेतल्या. फी तेव्हाही होती. मात्र १९०७ पासून अनुदानित शाळांनी चौथा हिस्सा जागा विनामूल्य ठेवाव्यात असा नियम आला. कामगाराच्या घरातली मुलगी या शाळेच्या फाटकातून आत आली ती प्रामुख्याने याच नियमाच्या आधाराने.

१९४४च्या कायद्याने सरकारी माध्यमिक शाळांतील फी रद्द झाली आणि इलेव्हन-प्लसचा काळ सुरू झाला. याच काळातली एक गोष्ट आजही पुरेशी सांगितली जात नाही. अकराव्या वर्षी मुली या परीक्षेत सरासरीने मुलांपेक्षा पुढे असत. एकच गुणवत्ता यादी लावली असती तर ग्रामर शाळांत मुलींची संख्या जास्त झाली असती. म्हणून अनेक स्थानिक शिक्षण प्राधिकरणांनी मुलांची आणि मुलींची यादी वेगळी ठेवली. परिणामी, ज्या गुणांवर मुलगा आत जाई त्याच गुणांवर मुलगी बाहेर राही. मुले पुढे बरोबरी गाठतात, असे समर्थन दिले जाई. पण बाहेर राहिलेल्या मुलीला आपल्याला नेमके कशाने अडवले हे कळतही नसे. आपण नापास झालो एवढेच तिला आयुष्यभर ठाऊक. गुणवत्तेच्या नावाने चालणाऱ्या व्यवस्थेवरचा यापेक्षा मोठा डाग मला माहीत नाही.

न्यायालयात हा प्रश्न पोहोचायला १९८०चे दशक उजाडले. बर्मिंगहॅममध्ये ग्रामर शाळांत मुलांसाठी सुमारे ५४० जागा होत्या, मुलींसाठी सुमारे ३६०. समान संधी आयोगाने महापालिकेला न्यायालयात खेचले. आमचा भेदभावाचा हेतू नव्हता, असा पालिकेचा बचाव होता. १९८९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने (तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने) तो फेटाळला : हेतू काहीही असो, मुलींना मोलाची वाटणारी संधी त्या केवळ मुली आहेत म्हणून कमी मिळाली, आणि १९७५च्या लिंगभेदविरोधी कायद्याचा भंग व्हायला एवढे पुरेसे आहे. उत्तर आयर्लंडमध्ये मुलामुलींचे गुण वेगवेगळे मोजण्याची पद्धत त्याआधीच, १९८८ मध्ये, बेकायदा ठरली होती.

शाळेतले आयुष्य सातव्या इयत्तेपासून सुरू होते आणि तेराव्या इयत्तेपर्यंत चालते. पहिल्या आठवड्यातली मुलगी गर्दीत लगेच ओळखू येते : ब्लेझरच्या बाह्या बोटांपर्यंत आलेल्या, कारण तो दोन वर्षे पुरेल अशा मापाचा घेतलेला असतो. प्राथमिक शाळेत वर्गात पहिली येणारी ती, इथे मात्र वर्गातल्या तिसांपैकी प्रत्येकीच पहिली आलेली. पहिल्या चाचणीत मधला क्रमांक आला की अनेकींना धक्का बसतो, आणि चांगली वर्गशिक्षिका सगळ्यात आधी हेच दुखणे हाताळते. हजेरी, सभा, तासिका, मधली सुट्टी हा क्रम कुठल्याही शाळेसारखाच. विद्यार्थिनी ‘हाउस’मध्ये विभागलेल्या असतात, नेटबॉल, हॉकी, गायनवृंद, वादविवाद यांत हाउसची चुरस असते. धाकट्या वर्गांवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी प्रीफेक्टकडे, आणि सर्वांत वर ‘हेड गर्ल’. काही शाळांत लॅटिन अजून शिकवले जाते. सोळाव्या वर्षी जीसीएसई, अठराव्या वर्षी ए-लेव्हल या सार्वजनिक परीक्षा. ए-लेव्हलला विषय जेमतेम तीन-चार. या शेवटच्या दोन वर्षांना ‘सिक्स्थ फॉर्म’ म्हणतात, आणि काही मुलींच्या शाळा तिथे मुलांनाही घेतात.

फक्त मुलींच्या शाळेचा शैक्षणिक फायदा भौतिकशास्त्रात सर्वांत स्पष्ट दिसतो. भौतिकशास्त्र संस्थेच्या २०१२च्या अहवालानुसार, इंग्लंडमधील सरकारी शाळांपैकी मुलींच्या शाळेतली मुलगी ए-लेव्हलला भौतिकशास्त्र घेण्याची शक्यता मिश्र शाळेतल्या मुलीच्या जवळपास अडीचपट होती. प्रयोगशाळेत यंत्र जोडणारीही मुलगी आणि नोंदी घेणारीही मुलगी, हे रोज पाहण्याचा परिणाम मनावर झाल्याशिवाय राहत नसावा. शिक्षिकांचाही यात वाटा आहे. १९४४ पर्यंत लग्न केलेल्या शिक्षिकेला बहुतेक ठिकाणी नोकरी सोडावी लागे, त्यामुळे जुन्या मुलींच्या शाळा अविवाहित, पदवीधर स्त्रियांनी उभ्या केल्या. विद्यापीठात जाऊन आलेली बाई अनेक मुलींनी प्रथम पाहिली ती याच शाळांमधल्या फळ्यासमोर.

१९६४ मध्ये मुलांच्या, मुलींच्या आणि मिश्र मिळून ग्रामर शाळांची संख्या १,२९८ होती. अकराव्या वर्षी बहुसंख्य मुलामुलींवर बसणारा नापासाचा शिक्का अन्यायाचा आहे, ही भावना तोवर पक्की झाली होती. १९६५च्या परिपत्रकाने स्थानिक प्राधिकरणांना परीक्षेविना सर्वांना घेणाऱ्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळांकडे वळण्यास सांगितले. ग्रँथमच्या मुलींच्या ग्रामर शाळेत शिकलेल्या मार्गारेट थॅचर यांनी शिक्षणमंत्री म्हणून १९७० मध्ये ते मागे घेतले, तरी त्यांच्याच कारकिर्दीत शाळांचे रूपांतर जोरात चालू राहिले. थेरेसा मे शिकत असतानाच त्यांची हॉल्टन पार्क ही मुलींची ग्रामर शाळा कॉम्प्रिहेन्सिव्ह झाली. पंतप्रधान झाल्यावर २०१६ मध्ये त्यांनी नव्या ग्रामर शाळांवरची बंदी उठवण्याचा प्रस्ताव मांडला, पण २०१७च्या निवडणुकीनंतर तो बारगळला.

आजचा खरा वाद शिकवणीचा आहे. परीक्षेला फी नाही, शाळेला फी नाही. पण तयारीसाठी वर्ष-दोन वर्षे खासगी शिकवणी लावणारी कुटुंबे पुढे जातात आणि शाळेत मोफत जेवणाला पात्र असलेल्या मुलींचे प्रमाण फार कमी राहते. यावर उपाय म्हणून अनेक शाळा आता गरीब घरांतील मुलींना प्रवेशात प्राधान्य देतात. काही त्यांच्यासाठी पात्रतेचे गुणही थोडे खाली आणतात.

नवी ग्रामर शाळा काढण्यास १९९८च्या कायद्याने मनाई आहे. असलेली शाळा मात्र विस्तारता येते. केंटमधील सेव्हनओक्स गावातल्या मुली दुसऱ्या गावांतल्या ग्रामर शाळांत बसने जात. टनब्रिजच्या वील्ड ऑफ केंट या मुलींच्या ग्रामर शाळेला तिथे शाखा काढण्याची परवानगी २०१५ मध्ये मिळाली आणि २०१७ मध्ये ती भरू लागली. त्याच आवारात मुलांच्या ग्रामर शाळेची शाखा आली ती २०२१ मध्ये, चार वर्षांनी.